मदत हवी आहे: पणजीच्या कुंचीवरची जर काळी पडलीय, रविवारी बारसं

चौथीपिढी:
नमस्कार, जरा लवकर उत्तर द्या प्लीज. पणजीने स्वतः भरलेली कुंची आहे, जर पार काळी पडलीय आणि एका बाजूने सुटतेय. रविवारी बारसं आहे आणि बाळाला हीच घालायचीय, घरातल्या सगळ्यांनी घातलीय. घरच्या घरी लख्ख कशी करू? ड्रायक्लीनवाला घ्यायलाच तयार नाही.

शिवणवेडी:
कापड कुठलं? जरीचा काठ लावलाय की वरून भरतकाम आहे? आणि सुटतेय म्हणजे नक्की काय सुटतंय? फोटो टाका.

माई:
चिंचेच्या कोळात दहा मिनिटं बुडवून ठेव गं. आमची देवाची भांडी चिंचेनेच झळझळीत होतात.

शिवणवेडी:
माई, ती भांडी तांब्या-पितळेची. कापड भिजवायचं नाही, जुना रंग असेल तर सगळीकडे उतरेल.

विज्ञानप्रेमी:
चिंच नकोच. गरम पाणी, खायचा सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइल घ्या. काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हवेतल्या गंधकाने होतं, फॉइलला लागलं की त्याची परत चांदी होते. माझ्या बायकोचे पैंजण मी असेच करतो.

चौथीपिढी:
मखमल आहे, मरून. वेल आणि दोन मोर आहेत. एका मोराच्या पिसाऱ्यातली स्प्रिंगसारखी बारीक तार लांबत चाललीय. फोटो अपलोड होत नाहीये. सोडा किती घ्यायचा?

आरीकाम:
थांबा!! सोडा घेऊ नका. मी वीस वर्षं जरदोजी करतेय. ती स्प्रिंग म्हणजे दबका, त्याचे छोटे तुकडे कापून मण्यासारखे सुईत ओवून टाके घालतात. एकदा ताणला की सरळ होतो, परत वळत नाही, म्हणून बोट लावू नका. आणि वेलीचं काम कलाबतूचं असणार, म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर चपटी तार गुंडाळलेली. ती कापडातून आरपार ओढली तर तार सोलली जाते म्हणून वर ठेवून बारीक दोऱ्याने जागोजागी टाचतात. तिच्या पोटात रेशीम आहे आणि सोड्यासारख्या क्षाराने रेशीम कमजोर होतं. पाठीमागे खळ लावलेली असली तर तीही पाण्यात विरघळेल आणि मखमलीची लव बसली की बसली. पैंजणाची गोष्ट वेगळी आहे दादा.

विज्ञानप्रेमी:
रसायनशास्त्र तर बरोबर आहे ना माझं?

आरीकाम:
बरोबर आहे, पण पैंजणात रेशीम नसतं.

पदरवाली:
जर खरी आहे की खोटी ते आधी बघा. पैठणी घेताना पदराची उलटी बाजू बघायची, मोर दोन्हीकडून सारखाच दिसायला हवा.

शिवणवेडी:
पैठणीचा मोर विणलेला असतो, इथला सुईने भरलाय. उलटी बाजू बघून काही कळणार नाही.

जुनाबाजार:
पूर्वी जीर्ण झालेले जरीचे शालू जाळून चांदी काढायचे. खरी जर असेल तर वजनावर विकली जाते, चौकशी करायला हरकत नाही.

चौथीपिढी:
विकायची नाहीये हो, पणजीच्या हातची आहे!

आरीकाम:
ताई, आत्तापर्यंत काही लावलंत का? खरं सांगा. आणि कुठे हिरवट दिसतंय का? तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली खोटी जर असली तर हिरवी पडते.

चौथीपिढी:
हिरवं कुठेच नाही. काल एका कोपऱ्यात टूथपेस्ट आणि ब्रशने घासलं, तिथे छान पांढरी स्वच्छ झालीय. बाकीचं काळपट सोनेरी आहे. आणि घडीला रबरबँड होता, तो होता तिथे आडवी काळी रेघ उठलीय, ती तरी जाईल ना?

आरीकाम:
जर खरी आहे. चांदीच्या तारेवर सोन्याचा अगदी पातळ थर असतो, पांढरं दिसतंय तिथे तो थर निघून गेलाय. आता तो परत येणार नाही, कृपा करून आणखी घासू नका. रेघ रबरातल्या गंधकाने पडलीय, तीही राहू द्या. काळपटपणा फक्त दिसायला वाईट दिसतो, घासलं की सोनं जातं. कोरड्या मऊ ब्रशने लवेच्या दिशेने धूळ झटका, बास. लांबलेली तार कापू नका, पिसाऱ्याच्या रेषेवर आडवी ठेवून रेशमाच्या एकेरी दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी सैल टाचा. आतून धुतलेल्या मलमलचं अस्तर कच्च्या टाक्यांनी लावा, तारेची टोकं बाळाच्या गालाला टोचतात. नाव ठेवण्यापुरती घाला, फोटो काढा, लगेच उतरवा. मग धुतलेल्या पांढऱ्या मलमलमध्ये गुंडाळून ठेवा, रबर किंवा लोकर जवळ नको.

माई:
मलमल आमच्या वेळचीच चांगली होती. बाळाचं नाव काय ठेवताय?

चौथीपिढी:
कोपरा बघून रडूच आलं. घासायच्या आधी विचारायला हवं होतं. नाव पणजीचंच ठेवतोय. रेशमाचा दोरा घरात नाहीये, आईच्या जुन्या साडीच्या पदराचे दोरे काढले तर चालतील?

आरीकाम:
चालतील. पण आधी एक दोरा दोन बोटांत धरून ओढून बघा, तटकन तुटला तर तो घेऊ नका.