हातानं फिरवायचा कॉफी ग्राइंडर: सिरॅमिक की स्टील?

रवाळ: चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या अरेबिका बिया मिक्सरमध्ये दळल्या की अर्धी पिठी, अर्धे तुकडे. म्हणून हातग्राइंडर घ्यायचाय. रोज साउथ इंडियन फिल्टर, रविवारी मोका पॉट (वाफेच्या दाबानं कॉफी वर चढवणारं भांडं). स्टीलच्या पात्यांचे ग्राइंडर सिरॅमिकच्या तिप्पट-चौपट किमतीला दिसतात. फरक खरंच तेवढा आहे का? फिल्टरसाठी किती बारीक दळायचं? आणि पावसाळ्यात धुवायचा कसा?

जातं_आणि_खुंटा: पात्यांपेक्षा आधी ती फिरवणारा मधला दांडा बघा. स्वस्त ग्राइंडरमध्ये तो फक्त वर धरलेला असतो, खाली शंकू, म्हणजे आतलं फिरणारं दातेरी पातं, मोकळाच. फिरवताना शंकू डगमगतो, पात्यांमधली फट एका बाजूला वाढते, दुसरीकडे कमी होते. मधली खुंटी सैल झालेल्या जात्यासारखंच. एकाच दळणात लापशी रवाही आणि पीठही. दुकानात खालचा डबा काढून शंकू बोटानं हलवा. डुलला तर ठेवून द्या. दांडा दोन ठिकाणी बेअरिंगमध्ये बसवलेला हवा.

स्टीलचे धारदार दाते बी कापतात, सिरॅमिकचे चिरडतात. मध्यम जाडीची २० ग्रॅम पूड चांगल्या स्टीलमध्ये मिनिटभरात होते, सिरॅमिकमध्ये दोन-तीन मिनिटं धरा. मोकासाठी बारीक दळताना हात आणखी भरून येतो.

डिकॉक्शन_दाट: फक्त दूध-साखरेची फिल्टर कॉफी असती तर सिरॅमिकही चाललं असतं. मोका आहे म्हणून स्टीलच घ्या.

जाडीचं म्हणाल तर आधी शून्य शोधा. ग्राइंडर रिकामा ठेवून फट कमी-जास्त करणारी चकती हळूहळू आवळत जा. पाती एकमेकांना टेकून हँडल अडलं की ते शून्य. तिथून चकती उलटी फिरवताना होणारे ‘क्लिक’ मोजायचे. दुसऱ्या मॉडेलचे आकडे उपयोगाचे नाहीत, एका क्लिकची फट प्रत्येकाची वेगळी.

फिल्टरला बारीक रव्यापेक्षा जराशी बारीक पूड, पिठीसाखरेइतकी बारीक कधीच नाही. बाजारच्या पुडीत बरेचदा २०-३० टक्के चिकोरी असते. ती पाणी धरून फुगते, म्हणून डिकॉक्शन सावकाश उतरतं. नुसत्या कॉफीतून पाणी भराभर निघून जातं. २० ग्रॅम पुडीवर उकळी येऊन जरा निवलेलं १५० मिली पाणी घाला. पाचच मिनिटांत फिल्टर रिकामा झाला तर दोन क्लिक बारीक करा. अर्धा तास झाला तरी पाणी वरच साचलेलं असेल तर जाड करा, किंवा फिल्टरमधल्या दांडीच्या चकतीनं पूड दाबणं थांबवा. मोकाच्या चाळणीत पूड सपाट भरायची, दाबायची नाही. कॉफी अडखळत वर आली आणि चव जळकी-कडू लागली तर एक क्लिक जाड.

चिकोरी हवी असेल तर तयार पूड आणून मागाहून मिसळा. ग्राइंडरमध्ये घातलीत तर ती ओलावा ओढून दात्यांत चिकटून बसेल.

रवाळ: स्टील ठरलं. मित्राच्या ग्राइंडरचं हँडल मध्येच अडकतं, आणि पूड डब्याला चिकटून उडते. दोन्हीला काही उपाय?

जातं_आणि_खुंटा: बिया आत असताना बारीक करायला गेलं की त्या फटीत अडकतात. अर्धा फेरा उलटा फिरवा, सुटतील. हलकी भाजलेली बी कडक असते. तेव्हा ग्राइंडर थोडा तिरका धरून फिरवा, म्हणजे पात्यांत एका वेळी थोड्याच बिया उतरतात. पूड उडते ती स्थिर विजेमुळे, कोरड्या थंडीत जास्तच. चमच्याची दांडी पाण्यात बुडवून झटका आणि बिया तिनं ढवळा. २० ग्रॅमला एवढा ओलावा पुष्कळ.

ब्रशवाली: धुवायचं राहिलं. स्टीलला पाणी नकोच: पातं गंजतं, बेअरिंगचं ग्रीस जातं. रोज दळून झालं की कोरड्या ब्रशचे चार फटकारे. महिन्यातून एकदा पूर्ण खोला. तेलकट, काळपट भाजलेल्या बिया वापरत असाल तर पंधरा दिवसांनी. स्प्रिंग, वॉशर, बेअरिंग काढाल त्याच क्रमानं ताटलीत मांडा आणि फोटो काढून ठेवा. एक वॉशर उलटा बसला तरी फट बदलते. खाचांतलं किटण दातकोरणीनं काढायचं. स्वयंपाकाचं तेल लावू नका, खवट होऊन त्याचा वास पुडीला लागतो.

‘कच्चे तांदूळ दळून काढा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तांदूळ कॉफीच्या बीपेक्षा कडक, दांड्यावर ताण येतो आणि पिठूळपणा आतच राहतो.

पावसाळ्यात बिया ग्राइंडरमध्ये भरून ठेवू नका. फ्रिजमधल्या असतील तर बंद डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर बियांवर दव धरतं. आणि पुन्हा जोडल्यावर शून्य नव्यानं मोजा. ते सरकलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी डिकॉक्शन का बिघडलं ते कळत नाही.