हीटरमुळे बेडरूम जळाली, आता घर कसं सावरायचं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहतो, यंदा थंडी कडाक्याची आहे म्हणून आईच्या खोलीत हीटर लावला होता. गुरुवारी पहाटे तिला जळका वास आला, उठून बघते तर पलंगाजवळच्या एक्स्टेंशन बोर्डातनं जाळ आणि पडदा पेटलेला. आईला, मुलांना घेऊन जिन्याने खाली पळालो, १०१ लावला, बंब आला, सगळे सुखरूप आहोत. पण एक खोली गेली आणि बाकी घरात कपाटाच्या आतपर्यंत काजळी, बाबांचा फोटो भिंतीवरनं काढला तर मागे तेवढाच पांढरा चौकोन. बायको ओलं फडकं घेऊन पुसायला निघाली होती, मी थांबवलंय. सुरुवात कुठून करू? आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) का पडला नाही? तो त्यासाठीच असतो ना?

तारवाला:
दादा, सगळे सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. मी वायरमन आहे, एमसीबीचं सांगतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, बोर्ड ६ अँपिअरचा आणि घराच्या मेन बोर्डातला एमसीबी बहुतेक १६ चा. त्याच्या हिशोबाने लोड कमीच आहे, तो कशाला पडेल? इकडे बोर्डातली पितळी पट्टी सैल, पिन घट्ट धरत नाही, तिथे तापत जातं, प्लास्टिक वितळतं आणि पेट घेतं. हीटरची जाड पिन बसावी म्हणून मध्ये कन्व्हर्टर लावला होता का, बघा जरा. हीटर कायम भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉवर प्लगलाच लावायचा, पडदा-पांघरुणापासून मीटरभर लांब, झोपताना बंद. आणि हात जोडून सांगतो, मेगर टेस्ट, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनची तपासणी, झाल्याशिवाय मेन चालू करू नका, वायर वरनं चांगली दिसते पण आतलं इन्सुलेशन गेलेलं असतं.

माईची_लेक:
आमच्या माहेरी असंच झालं होतं म्हणून सांगते, ओलं फडकं अजिबात नको, काजळी तेलकट असते, पाणी लागलं की भिंतीत मुरते. पण पुसायच्याही आधी घर आहे तसं ठेवून प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, इन्शुरन्स कंपनीला कळवा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत जळकं सामान फेकू नका, आम्ही गाद्या फेकल्या आणि त्याचे पैसे गेले ते गेलेच. फायर ब्रिगेडचा दाखला आणि पोलिसांचा पंचनामा मागून घ्या. सोसायटीची पॉलिसी असली तरी ती सहसा इमारतीपुरती, घरातल्या सामानाची वेगळी लागते. नंतर मास्क, ग्लोव्हज घालून कोरड्या स्पंजने वरून खाली पुसायचं. उघडं धान्य, मसाले, औषधं टाकून द्या, जीव तुटतो पण द्याच. नोटा जळाल्या असतील तर हाताळू नका, थोड्या जळालेल्या बँक बदलून देते, अगदी भुगा होणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसला न्याव्या लागतात, मुंबई-नागपूरला आहे.

जुना_सेक्रेटरी:
वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय, मी जिन्याचं बोलतो. आगीपेक्षा धूर आधी मारतो आणि तो जिन्यानेच वर चढतो. आमच्याकडे दर मजल्यावर चपलांचे स्टँड, जुन्या सायकली, रद्दी, सगळं एका रविवारी काढायला लावलं, चार घरांनी महिनाभर अबोला धरला तरी चालेल. २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे फायरची यंत्रणा असलेल्या सोसायटीने लायसन्स्ड एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो, तुमच्या कमिटीला विचारा दिलाय का. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का बघा, होज रीलचा (गुंडाळून ठेवलेल्या पाण्याच्या पाइपचा) नळ उघडून बघा, आमच्याकडे उघडला तर थेंब आला नाही, खाली व्हॉल्व्हच बंद होता! आणि थंडीत कोणी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवत असेल तर आजच थांबवा, तिच्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड गॅसला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. तारवाला दादा, आत्ता टॉर्च घेऊन बघितलं, कन्व्हर्टरच होता, पिन त्यात वितळून बसलीये, ओढून निघत नाही. सर्व्हेअर उद्या येतोय, तोवर हात लावत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे अगदी तसाच बोर्ड आणि तसाच हीटर आहे, आधी त्यांच्याकडे जाऊन येतो.