मदत हवी आहे : संध्याकाळच्या वर्गात मोठी पोरं टिकत नाहीत

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही चौघं शाळा सुटल्यावर 5 ते 8 मोफत वर्ग घेतो. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळण्यात. तेवढा वेळ पोरं रस्त्यावर. मारामाऱ्या, मोबाइल लांबवणं तिथूनच सुरू होतं, म्हणून हा खटाटोप.

लहान मुलं, मुली नेमानं येतात. ज्यांच्यासाठी वर्ग काढला ती 13 ते 15 वयाची पोरं मात्र दोन दिवस कॅरम खेळतात, तिसऱ्या दिवशी पुन्हा पानटपरीवर. गृहपाठ बंद केला, कबड्डी घेतली, चिवडा ठेवला. चिवडा संपला की पोरं पसार!

त्यात एक जण बाल न्याय मंडळापुढे (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांची प्रकरणं तिथं चालतात) जाऊन आलाय. 2015 च्या बाल न्याय कायद्यातलं कलम 74 त्याची ओळख उघड करू देत नाही, आम्ही करणारही नाही. पण गल्लीला सगळं ठाऊक. दोन पालक म्हणतात, "तो असेल तर आमची येणार नाहीत." त्याला काढायचं नाही, हे पक्कं.

जागा एकच खोली, पगारी माणूस परवडत नाही. घरची भाषा तेलुगू, ती आमच्यातल्या एकालाच येते.

या वयाची पोरं तुम्ही कशाच्या जोरावर टिकवलीत? आणि अशा पालकांना, त्या मुलाबद्दल काहीही न बोलता, नेमकं काय सांगितलंत?