'मदरबोर्ड कुठलाही चालतो' म्हणणाऱ्यांसाठी

स्क्रूड्रायव्हर:
परवापासून एक पोस्ट जिकडेतिकडे फिरते आहे. सार असं: 'मदरबोर्ड म्हणजे नुसती पाटी. प्रोसेसरचं सॉकेट जुळलं आणि एम.२चे (एसएसडी खोचायचे) चार स्लॉट दिसले की डोळे झाकून घ्या. लेनबिन हा मार्केटिंगचा खेळ आहे. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.' खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, लेन, म्हणजे कार्ड आणि एसएसडीपर्यंत डेटा नेणाऱ्या पीसीआयईच्या वाटा, बोर्ड तयार करत नाही, त्या प्रोसेसरकडून येतात. बोर्डवाला फक्त वाटणी करतो, आणि सगळी मेख त्या वाटणीत आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसर असेल तर वापरायला २४ लेन. १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एम.२ला, उरलेल्या ४ बोर्डवाल्याच्या मर्जीवर. चिपसेटकडे (बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे) जाणाऱ्या ४ वेगळ्या, आणि त्या जेन ४च्या (चौथी पिढी, दर पिढीला वेग दुप्पट). म्हणजे साधारण ८ जीबी/सेकंद. खालचे एम.२, साटा (हार्ड डिस्कचे पोर्ट), लॅन, बरेचसे यूएसबी, सगळ्यांनी त्यातच भागवायचं.

आता एक्स८७० आणि एक्स८७०ई चिपसेटच्या बोर्डांवर यूएसबी४ सक्तीचं आहे. त्याचा कंट्रोलर बहुतेक ठिकाणी त्या मर्जीवरच्या ४ लेनवर बसतो. मग बॉक्सवर मिरवायला आणखी जेन ५ एम.२ आणायचे कुठून? ग्राफिक्सच्या १६मधून काढून. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात तळटीप असते, 'एम.२_२ वापरल्यास पीसीआयईएक्स१६_१ हा एक्स८ मोडमध्ये चालेल.' म्हणजे ग्राफिक्सच्या स्लॉटला ८च लेन. काही बोर्डांवर त्या स्लॉटमध्ये जेन ३ची जुनी एसएसडी खोचली तरी ग्राफिक्स १६वरून ८वर येतं, कारण लेन स्लॉट भरल्यावर वळतात, वेग बघून नाही.

इंटेलवाल्यांनी हसू नये. झेड७९० चिपसेटच्या बोर्डांवर प्रोसेसरच्या जेन ५ लेन १६च, त्यामुळे ज्या बोर्डांवर जेन ५ एम.२ दिला तिथे हेच रडगाणं. कोअर अल्ट्रा २००मध्ये स्टोरेजला ४ वेगळ्या जेन ५ लेन आल्या तेव्हा कुठे ते मिटलं.

तेव्हा स्लॉट मोजू नका. ब्लॉक डायग्राम (कुठली लेन कुठे जाते तो नकाशा) उघडा.

फ्रेममोजणी:
ती पोस्ट मीच शेअर केली होती, तर बोलणं भाग आहे.

एवढं रामायण लिहिलंत, पण ८ लेनने बिघडतं किती ते एका ओळीत नाही. मी सांगतो. आरटीएक्स ४०९०सारखं कार्ड जेन ४ एक्स८वर चालवा, म्हणजेच जेन ३ एक्स१६एवढी बँडविड्थ. गेममध्ये सरासरी फरक २-३ टक्के. डोळ्याला दिसत नाही, आकड्यात दिसतो. आणि ५०९०सारखं जेन ५चं कार्ड जेन ५ एक्स८वर असेल तर त्याला जेन ४ एक्स१६इतकीच वाट मिळते. रडायचं कशाला?

जेन ५ एसएसडीचंही तेच. १४ जीबी/सेकंद हे सलग मोठ्या फाइलचं. लहान फाइलींचं रँडम वाचन, रांगेत एकच मागणी असताना, १०० एमबी/सेकंदाच्या आसपासच घुटमळतं. गेम लोड व्हायला जेन ४पेक्षा सेकंदभराचाही फरक धड पडत नाही. वर ती तापते, हीटसिंक नसेल तर वेग पाडते. कोणासाठी घ्यायची ही?

स्क्रूड्रायव्हर:
गेमचा डेटा ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावतो आहे तोवर २-३ टक्के, साहेब. ओसंडला की मग पीसीआयईची खरी परीक्षा. २०२२चं आरएक्स ६५०० एक्सटी आठवा. ४ जीबी मेमरी, ४ लेन. जेन ४वर कसंबसं चालायचं, जेन ३च्या जुन्या बोर्डावर घातलं की पार गळपटायचं. आणि ज्यांना 'बोर्ड कुठलाही चालतो' सांगितलं जातं ती माणसं नेमकी अशीच कार्डं घेतात. ४०६० घ्या, तेही ८ लेनचंच.

फ्रेममोजणी:
वा! ४०६० जर ८ लेनचंच आहे तर तुमचा स्लॉट १६वरून ८वर आला म्हणून त्याचं काय वाकडं झालं? आधी कोणत्या बाजूने भांडताय ते ठरवा.

तळटीप:
फ्रेममोजणी यांचा हा मुद्दा बिनतोड आहे. पण जेन ३चा बोर्ड आणि १६चं ८ होणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते तुम्हीही एकत्र कालवताय. आणि प्रोसेसरही बघा. रायझन ५ ८५००जी घेतला तर ग्राफिक्सला ४च लेन मिळतात, बोर्ड कितीही भारी आणा.

रेंडरताई:
गेम, गेम, गेम. काही लोक ह्या मशीनवर कामही करतात हो.

माझ्या बोर्डवर (कंपनीचं नाव घेत नाही, नाहीतर भक्त धावून येतील) तिसऱ्या एम.२मध्ये स्क्रॅचसाठी (कामाच्या तात्पुरत्या फाइलींसाठी) नवी एसएसडी बसवली. मशीन चालू केलं तर कॅप्चर कार्ड (बाहेरून व्हिडिओ आत घेणारं) गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव नाही, कार्डावरचा दिवा मात्र मजेत लुकलुकतोय. ड्रायव्हर काढून घातला, बायॉस नवा केला, कार्ड दुसऱ्या मशीनवर लावलं तर ठणठणीत. सपोर्टवाल्यांनी विंडोज पुन्हा टाकायला सांगितलं. शेवटी कळलं की तो एम.२ भरला की सगळ्यात खालचा एक्स४ स्लॉट बंद होतो. हे लिहिलं होतं, खोटं नाही बोलत. फक्त एम.२च्या पानावर नाही, स्लॉटच्या पानावरही नाही, बायॉसच्या प्रकरणात.

२-३ टक्के म्हणे. माझं कार्ड शंभर टक्के गेलं होतं.

फ्रेममोजणी:
ताई, कॅप्चर कार्ड लावणारे किती असतील? अपवाद घेऊन नियम मोडू नका.

रेंडरताई:
मग ४०९० लावणारे किती आहेत? उदाहरण तर तेच दिलंत.

जुनं_खोड:
तुम्ही सगळे एम.२च्या गप्पा मारताय. माझं दुखणं वेगळंच आहे. साटाचे पोर्ट कुठे गेले? पूर्वी साध्या बोर्डावर सहा असायचे, बऱ्यातल्यावर आठ. आता चार, आणि एम.२ भरला की त्यातले दोन काही बोर्डांवर बंद. माझ्याकडे हार्ड डिस्कांवर फोटोंचा संग्रह आहे, वडिलांपासूनचा. तो काय एम.२वर ठेवू?

मधेचबोलतो:
काका, हार्ड डिस्क? ह्या काळात? नॅस (नेटवर्कवरची डिस्कांची पेटी) घ्या आणि सुटा.

जुनं_खोड:
मी विचारलं होतं पोर्ट कुठे गेले. मी काय घ्यावं हे विचारलं नव्हतं. आणि नॅसमध्ये काय फुलं ठेवतात? हार्ड डिस्काच ना?

तळटीप:
दोघेही थांबा. साटाचं कार्ड मिळतं. एएसएम११६६ चिपचं, सहा पोर्ट, जेन ३च्या २ लेनवर, म्हणजे जवळपास २ जीबी/सेकंद. सहा हार्ड डिस्का एकदम पळाल्या, प्रत्येकी २५० एमबी धरली, तरी दीड जीबी. आरामात मावतं. फक्त पोर्ट मल्टिप्लायरवाली (एकच पोर्ट अनेक डिस्कांत वाटणारी) स्वस्त कार्डं नकोत, त्यात एक डिस्क अडकली की बाकीच्याही लटकतात.

मधेचबोलतो:
म्हणजे आणखी एक स्लॉट लागणार. जो एम.२ने खाल्लाय. 😀

रेंडरताई:
आली का गाडी वळणावर?

जुनं_खोड:
हसा. पण डेटा गेला की ह्याच गप्पा रडत माराल. चकचकीत हीटसिंकांनी अर्धा बोर्ड झाकायचा, खालचे स्लॉट कापायचे, दिवे लावायचे. चार पोर्ट जास्त देता आले असते तेवढ्यात.

मधेचबोलतो:
बाजार तुमच्या संग्रहासाठी थांबणार नाही काका.

जुनं_खोड:
'काका' पुरे. मी तुमचा कोणी लागत नाही.

स्क्रूड्रायव्हर:
मंडळी, धागा स्टोरेज आणि ग्राफिक्सच्या बँडविड्थचा आहे. साटासाठी वेगळा काढा.

जुनं_खोड:
साटा स्टोरेज नाही का?

स्क्रूड्रायव्हर:
...आहे.

असो. एक राहिलं होतं. चिपसेटमागे दोन जेन ४ एसएसडी लावून एकीवरून दुसरीवर कॉपी केलीत की वेग निम्मा. ८ जीबीची वाट, दोघींत वाटून.

तळटीप:
नाही. पीसीआयई दोन्ही दिशांना एकाच वेळी चालतं. वाचलेला डेटा वर मेमरीत जातो, लिहायचा खाली येतो, दोन दिशांना आपापले ८. कॉपीत निम्मा होत नाही. दोन्ही एसएसडींवरून एकदम *वाचायला* लागलात, किंवा रेड ० केलंत (दोन्ही जोडून एकच डिस्क केलीत), तर मात्र अडेल. कॉपी मध्येच बसते ती बहुतेकदा एसएसडीचा कॅशे (आतली वेगवान तात्पुरती जागा) संपल्यामुळे. क्यूएलसी (स्वस्त, लिहायला संथ प्रकारची एसएसडी) असेल तर मग जुन्या हार्ड डिस्कची आठवण येईल, जुनं_खोड यांना बरं वाटेल.

फ्रेममोजणी:
म्हणजे धागाकर्त्याचंच ज्ञान अर्धं. आणि लोकांना मॅन्युअल वाचा सांगतात.

स्क्रूड्रायव्हर:
रेड ०ला अडतं हे त्यांनीच वर लिहिलंय, तेवढं वगळून वाचलंत. तुमच्या त्या लाडक्या पोस्टमध्ये तर रेड सोडा, लेनसुद्धा नव्हती. बरं, तुमचा बोर्ड कुठला? जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बस इंटरफेसमध्ये काय दिसतं ते टाका. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट चालवा, नाहीतर कार्ड वीज वाचवायला वेग उतरवून बसलेलं असेल, १.१ दाखवेल आणि मग त्यावरून वेगळा धागा काढाल.

फ्रेममोजणी:
'एक्स१६ ४.० @ एक्स८ ४.०'.

रेंडरताई:
😂

फ्रेममोजणी:
हसू नका. दुसऱ्या एम.२मध्ये जेन ३ची एसएसडी आहे, गेमच्या रेकॉर्डिंगसाठी. खालच्या स्लॉटला हलवली की १६ होईल, ठीक आहे, मॅन्युअल बघतो. पण फ्रेम आधी किती आणि नंतर किती हे मोजूनच टाकणार. दोनने वाढल्या तर तुम्हाला हार घालीन.

जुनं_खोड:
खालच्या स्लॉटला हलवण्याआधी साटाचे पोर्ट बघा.