'हात' म्हणजे कुठून कुठवर?

स्नोमेड सीटी या वैद्यकीय शब्दावलीतल्या अवयवांच्या नोंदींना मराठी शब्द लावून बघते आहे. (ती चालवणाऱ्या संस्थेचा भारत २०१४मध्ये सदस्य झाला, इथलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेतून चालतं.) सुरुवातीलाच 'हात'पाशी अडले. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या अवयवाला तिथे एक संकेतांक, दंडाला वेगळा, मनगटापुढच्या भागाला आणखी वेगळा. त्यातही मनगटापुढच्या भागाच्या दोन नोंदी: 'हँड स्ट्रक्चर' आणि 'एन्टायर हँड'. पहिलीला 'हस्तसंरचना' चालेल का?

— 'हस्तसंरचना' नको. वाचणाऱ्याला वाटेल, हाडं-स्नायूंच्या बांधणीबद्दल आहे. इथे 'स्ट्रक्चर' म्हणजे अख्खा हात किंवा त्याचा कुठलाही भाग. म्हणून तर बोटाचं हाड मोडलेला रुग्ण 'हाताचं फ्रॅक्चर' शोधलं तरी सापडतो. पण बोट काढून टाकलेल्याची गणती हात काढलेल्यांत झाली तर अनर्थ, म्हणून 'एन्टायर'ची नोंद वेगळी ठेवलेली आहे.

हा भेद आपण रोज बोलतो. विळीवर बोटाला लागलं तरी "हात कापला" म्हणतो. तेच "हात कापावा लागला" ऐकलं की पोटात गोळा येतो, तिथे बोट कुणाच्या मनातही येत नाही. शब्द तोच, धातूही तोच. हात किती, ते क्रियापदाच्या रूपावरून आणि प्रसंगावरून कळतं. संकेतांकाला ना क्रियापद ना प्रसंग, त्यामुळे सगळं नावातच सांगावं लागतं. मी लिहीन: 'हात किंवा हाताचा भाग' आणि 'संपूर्ण हात'. लांबलचक आहेत, पण चुकीच्या अर्थाने कुणी वाचणार नाही.

— मलाही पटलं. फक्त तिथे 'हात'ऐवजी 'हाताचा पंजा' घ्या, नाहीतर खांद्यापासूनचा हात आणि हा एकच होतील. 'तळहात' घेऊ नका, ती एकच बाजू झाली. 'दंड' मात्र जपा, फार नेमका शब्द आहे. इंग्रजीत 'आर्म' बोलताना मनगटापर्यंत जातो आणि शरीररचनाशास्त्रात कोपरापाशी थांबतो, म्हणून त्यांना 'अपर आर्म' म्हणावं लागतं. पायाचंही बरं आहे, 'पाऊल' तयारच आहे.

— 'पंजा' घेतला. कोपर ते मनगट या भागाचं काय? 'अग्रबाहू' पुस्तकात आहे, पण दवाखान्यात कुणाच्या तोंडी ऐकला नाही.

— मग 'कोपर ते मनगट' असंच लिहा. प्लास्टर कुठे घातलंय विचारलं तर आजीही तसंच सांगते.