वय वाढत चाललं तसा आधार-ओटीपीचा धसका वाढून राहिला, बाबांचा फोन काढून घेऊ का?

कास्तकार_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वय ५४, सहा एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. बरेच दिवसांपासून एक गोष्ट डोक्यात घोळून राहिली म्हणून लिहितो, जरा लांब होईल.

माझ्या बाबांचं वय ८१. या माणसानं जन्मभर पैशाची गोष्ट कोणाजवळ काढली नाही. कापूस किती क्विंटल झाला हे शेजाऱ्याले सांगत नव्हते, सोसायटीचं कर्ज किती हे आईलेही नीट माहीत नव्हतं, सगळे कागद लोखंडी पेटीत अन् पेटीची किल्ली करदोड्याले बांधलेली. अन् माझं उलटं होतं. आधार निघालं तेव्हा मी चाळिशीतला, दहा-दहा झेरॉक्स काढून ठेवायचो, सिमकार्डले दे, कृषी केंद्रात दे, बचत गटाले दे, ती झेरॉक्स पुढं कुठं गेली हे कधी विचारलं नाही. पोरगी टोकायची तं म्हणायचो, आपल्याजवळ चोरण्यासारखं हायेच काय.

डिसेंबरात कापसाचे पैसे बाबांच्या खात्यात आले. आठ दिवसांनी त्यांच्या व्हाट्सअपवर एका सोयऱ्याच्या नंबरावरून लग्नाची पत्रिका आली. पत्रिका नव्हतीच ती, एपीके फाइल होती, म्हणजे फोनमधी अ‍ॅप बसवणारी, पण नंबर ओळखीचा म्हणून बाबांनी दाबलं अन् विचारलं त्या सगळ्याले हो-हो केलं. रात्रीतून २६ हजार गेले. ओटीपी त्यांनी कोणालेच सांगितला नाही हो, त्या अ‍ॅपनंच मेसेज वाचून तिकडं पाठवले. सकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरले फोन लावला, तक्रार घेतली, ९ हजार पुढच्या खात्यात थांबवले, बाकीचे निघून गेले होते.

पैशाचं दुःख आहेच, पण बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. म्हणे, जन्मभर पेटी सांभाळली अन् म्हातारपणी मीच उघडी टाकली. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, आता हे तुयाजवळच ठेव. त्या फोनवर ते सकाळी भजन ऐकतात, उमरखेडच्या आत्याशी बोलतात, तिचं तोंड पाहतात. फोन काढून घेणं मले बरोबर वाटत नाही अन् परत द्याले भीती वाटते. त्यात मलाही आता चष्म्याशिवाय मेसेज वाचता येत नाही, अर्धी कामं पुण्याच्या पोराले पिन सांगून करतो. तुम्ही लोक काय करता? वयाबरोबर तुमच्यात काय बदललं?

सेविका_मोर्शी

दादा, फोन काढू नका. माणूस एकटा पडते.

मी अंगणवाडीत आहे, वय ४९. पाच वर्षांआधी मिस्टर गेले तेव्हा मले समजलं की माझं खातं माझ्या नावाचं, पण नंबर त्यांचा. त्यांचं सिम रिचार्ज न करता तसंच पडून राहिलं अन् काही महिन्यांनी तो नंबर कंपनीनं दुसऱ्याच माणसाले देऊन टाकला. म्हणजे माझ्या खात्याचे मेसेज एका अनोळखी माणसाकडं जाऊन राहिले होते! नंबर बदलाले बँकेच्या किती चकरा झाल्या ते सांगत नाही. आमच्या गावात अजूनही निम्म्या बायांच्या खात्याले नवऱ्याचा नाहीतं पोराचा नंबर आहे. घरात कोणी गेलं तं तेरवी झाल्यावर पहिलं काम नंबरचं करा, हे मी आता प्रत्येक घरी सांगते.

अन् एक माझ्याकडूनही झालं. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे फॉर्म भरले तेव्हा शंभरावर बायांचे आधार, पासबुकचे फोटो माझ्या मोबाइलमधी जमा झाले. तोच मोबाइल पोरगा गेम खेळाले नेत होता. बायांनी माझ्यावर विश्वास टाकून कागद दिले होते अन् मी ते असे उघडे ठेवले, रात्रभर झोप नाही आली. दुसऱ्या दिवशी बसून एक-एक फोटो डिलीट केला. पंचविशीत असती तं माझ्या ध्यानातही आलं नसतं.

निवृत्त_गुरुजी

भाऊ, मी ६८ वर्षांचा, जिल्हा परिषद शाळेतून रिटायर. आमच्या तरुणपणी टेलिफोनच्या डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर छापून येत असे आणि ज्याचं नाव त्यात असे त्याला अभिमान वाटे. कोणी ते चोरेल ही कल्पनाच नव्हती, कारण नुसत्या नंबरावर कोणाच्या खात्याला हात लावता येत नव्हता. आज तोच नंबर खात्याची किल्ली झाला. म्हणून वडिलांना भोळे म्हणू नका. जपायचं कसं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त पेटी कुठली हे त्यांना कोणी दाखवलं नाही.

आणि हे त्यांना जरूर वाचून दाखवा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं, ते ज्यांच्या याचिकेवर, ते निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी याचिका केली तेव्हा, म्हणजे २०१२ साली, ८६ वर्षांचे होते. तुमच्या बाबांपेक्षा मोठे.

माझी पद्धत सांगतो. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. दुसरं एक लहान खातं आहे, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवत नाही, फोनवरचा व्यवहार फक्त त्यातून. गेलेच तर तेवढेच जातील. त्यामुळे मला फोनची भीती वाटत नाही.

सेतूवाला_चिमूर

काकाजी, मी सेवा केंद्र चालवतो, २७ वर्षांचा आहे. आमच्याकडं रोज म्हातारी माणसं येतात अन् पिन मोठ्यानं सांगतात, कोणी पासबुकाच्या कव्हरवरच लिहून आणते. मी आधी लवकर काम होते म्हणून ऐकून घेत होतो, आता मशीन त्यांच्या हातात देतो अन् तोंड फिरवतो. वेळ लागते, लागू द्या.

बाबांच्या फोनमधी सेटिंगात जाऊन अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल कराची परवानगी व्हाट्सअप, क्रोम अन् फाइलच्या अ‍ॅपची बंद करा, मग एपीके दाबली तरी सहजासहजी बसणार नाही. आधार कुठं द्याचं असलं तं मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, जिथं चालते तिथं तेच द्या. सरकारच्या संचार साथी साइटवर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहून घ्या, आमच्या इथं एका बाबाजीच्या नावावर पाच निघाले, वापरत होते एक.

अन् अंगठा! अंगठ्यानं पैसे काढाले ओटीपीही लागत नाही, पिनही नाही. बाजूच्या तेलंगणात २०१८ मध्ये एकानं जमिनीच्या नोंदणीच्या कागदावरचे ठसे साइटवरून उतरवून रबरावर बनवले अन् त्याच्यावर सिमकार्डं चालू केली होती. म्हणून आधारच्या सरकारी अ‍ॅपमधून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याची ओळख, लॉक करून ठेवा.

तूर_सोयाबीन

लॉकचं जपून सांगा भाऊ. माझ्या मायचं लॉक केलं होतं, ती राशन दुकानात गेली, अंगठा लागला नाही, दोनदा परत आली. मी तेव्हा वावरात. तसाही वेचणी करून करून तिच्या बोटावरच्या रेषा घासल्या आहेत, तिले वाटलं आपला हातच गेला आता. उघडाले फोन लागते अन् घरात फोन चालवणारं कोणी पाहिजे. राशनच्या दिवशी आधी उघडून द्या, मगच पाठवा.

निवृत्त_गुरुजी

खरं आहे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला माझाही अंगठा लागत नव्हता, आता चेहरा दाखवून होतो. लाजण्यासारखं काही नाही हे आईला समजावून सांगा.

कास्तकार_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन परत दिला. बाबांना जवळ बसवून परवानग्या बंद केल्या, प्रत्येक ठिकाणी विचारत होते हे काऊन बंद केलं, ते काऊन ठेवलं, मीही घाई केली नाही. आत्यालेही त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की पत्रिका आली तं आधी मले विचारजो. अन् गुरुजी, पुट्टस्वामींचं वाचून दाखवलं तं म्हणे, ८६? परत वाच.

आधारच्या जुन्या झेरॉक्स हुडकल्या, पेटीत सात निघाल्या. एक सोसायटीत द्याची होती, तिच्यावर त्यांनी आडवं स्वतःच्या हातानं लिहिलं, फक्त सोसायटीसाठी, खाली तारीख अन् सही. बाकीच्या चुलीत टाकल्या.

उद्या बँकेत जाऊन गुरुजींनी सांगितलं तसं दुसरं लहान खातं उघडतो अन् नंबरही माझा आहे की त्यांचा ते पाहून घेतो. मोठ्या खात्याचं एटीएम कार्ड ठेवावं का?

निवृत्त_गुरुजी

नका ठेवू. पासबुक आणि विड्रॉलची स्लिप पुरे. आणि बँकेत जाताना त्यांना सोबत घेऊन जा.