अर्लीचा टक्का आणि इंटरेस्ट
ताई, अमेरिकेतल्या कॉलेजसाठी लेकीने अर्ली करावं का आणि कॉलेजं इंटरेस्ट बघतात का, असं विचारलंत ना. ईडीचा (अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज) प्रवेशाचा रेट रेग्युलरच्या (नेहमीच्या मुदतीतल्या अर्जांच्या) दुप्पट दिसतोय म्हणून लेकीचा चान्सपण दुप्पट असं नका धरू, त्या आकड्यात कोचने आधीच निवडलेले खेळाडू असतात, बऱ्याच ठिकाणी लेगसीवाली (घरचं कुणी त्याच कॉलेजात शिकलेली) मुलंही, ती वजा केली की फरक बराच खाली येतो. इंटरेस्टचं, म्हणजे मुलीने त्या कॉलेजात किती रस दाखवलाय त्याचं म्हणाल तर त्या कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेजनेच दिलेली प्रवेशाची माहिती) उघडा, त्यातल्या सी७ या भागात सरळ लिहिलेलं असतं बघतात की नाही, एमआयटी स्टॅनफर्ड नाही बघत. जिथे बघतात तिथे पुण्याहून कॅम्पस व्हिजिट कशाला, ऑनलाइन सेशन पुरतं, खरा जोर ‘हेच कॉलेज का’ या निबंधावर द्या, तिला कुठला कोर्स, कुठली लॅब मनापासून हवीय ते तिच्याच शब्दांत येऊ दे. आणि ईडी बाइंडिंग असतं, म्हणजे प्रवेश मिळाला की तिथेच जायचं, त्यामुळे एड (आर्थिक मदत) लागणार असेल तर सही करण्याआधी कॉलेजला विचाराच, बरीच कॉलेजं परदेशी मुलांच्या अर्जावर निर्णय घेताना एड मागितलीय का तेही बघतात.